कोयत्याला नमस्कार

मेलेल्या माणसासाठी एक खुर्ची राखल्याखेरीज सहादेव चौकशीला आरंभ करीत नसे. नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेतील मधल्या खुर्चीवर त्याने आपली टोपी ठेवली आणि हलक्या आवाजात म्हटले, "हनुमंतराव, बसा. आज तुमच्यासाठीच खेळ आहे." शेजारच्या पोलीस निरीक्षकांनी कंटाळून मोबाईल काढला.

पारनेरचा हा खासगी गुप्तहेर एरवी लग्नाआधी स्थळांची माहिती काढून देई. येथे त्याला साळूबाईने आणले होते. तिच्या मुलीला, ज्योतीला, संध्याकाळी खुनाच्या आरोपाखाली अटक व्हायची होती.

खून याच रंगमंचावर, भरल्या नाट्यगृहात झाला होता. ऊसतोड मजुरांवरील नाटकात दिग्दर्शक हनुमंत स्वतः मुकादम होता. अखेरच्या प्रवेशात मजूर झालेला करण त्याच्या मानेवर लाकडी कोयत्याचा घाव घालीत असे. त्या दिवशी कोयता लोखंडी निघाला. प्रेक्षक टाळ्या वाजवीत राहिले. पडदा पडला तरी मुकादम उठला नाही.

मजुरांच्या दुःखावर तीन पारितोषिके मिळविलेल्या या मंडळात मजुराच्या घरची अशी एकटी ज्योतीच होती. साहजिकच तिच्याकडे सामानाची पेटी सांभाळण्याचे काम होते. पुढच्या प्रयोगापासून नायिका रेश्मा नव्हे, ज्योती होईल, असे हनुमंतने आदल्याच दिवशी सर्वांसमक्ष सांगितले होते. तरीही पोलिसांना संशय आला तो ज्योतीचा. कारण तो लोखंडी कोयता तिच्या बापाचा होता. सुताराला नमुना म्हणून आणलेला, आणि मग पेटीतच राहून गेलेला.

"त्या दिवशी पूजेला जो जिथे उभा होता, त्याने तिथेच उभे राहावे," सहादेव म्हणाला.

प्रयोगाआधी नाटकातल्या हत्याराची पूजा करायची, हा मंडळाचा रिवाज होता. खंडेनवमीला शेतकरी अवजारांची करतात, तशी. अध्यक्ष काकासाहेब ताटापाशी आले. त्यांची सून रेश्मा उजवीकडे, करण डावीकडे, बाकीची मंडळी मागे. ताटात चंदेरी रंग दिलेला कोयता होता. सहादेवने स्वतः त्यावर ओले कुंकू लावले.

"हा आहे कोणता?" काकासाहेबांनी विचारले.

"आधी नमस्कार करा की."

सवयीने हात पुढे झाले. पात्याला बोटे, मग बोटे कपाळाला. सर्वांच्या शेवटी करण वाकला, त्याने बोटे कपाळाला लावली आणि तो चटका बसल्यासारखा मागे सरला.

"लोखंडी हाय ह्यो!"

"तुला कसे कळले?"

"गार लागतोय की."

"आणि त्या दिवशीचा?"

  उत्तम उच्चारांसाठी नावाजलेल्या त्या मंडळातून एक अक्षर बाहेर पडेना. कोठेतरी छताचा पत्रा उन्हाने कडाडला तेव्हा करणने दचकून पाहिले ते पहिल्या रांगेकडे, टोपीकडे.

"अहो, पूजेच्या वेळी मन देवाकडं असतं," काकासाहेब अखेर म्हणाले. "आणि गार-गरम काय घेऊन बसलात? सामान त्या पोरीच्या ताब्यात. तिनंच बदलला. सरळ आहे."

सहादेवने मान वळवली. विंगेच्या दाराबाहेर, उंबऱ्यापलीकडे, ज्योती उभी होती. तिच्यामागे साळूबाई.

"ज्योती, तू त्या दिवशी इतक्या लांब का उभी होतीस?"

ज्योती खाली पाहू लागली. पोलिसांनीही हेच विचारले होते, आणि तेव्हाही ती अशीच गप्प राहिली होती. साळूबाईने पदर तोंडाशी धरला. "कसं सांगंल ती, बाप्या मान्सांम्होरं?"

"त्यात काय लपवायचंय?" रेश्मा ताठ मानेने म्हणाली. "अडचण होती तिला. तसलं आमच्या मंडळात चालत नाही. चार दिवस बाहेर म्हणजे बाहेर. कोयताच काय, पेटीला बोट लावू दिलं नाही आम्ही. सकाळपासून सगळं सामान मामंजींनी स्वतः..."

ती थांबली.

निरीक्षकांनी मोबाईल खिशात ठेवला.

काकासाहेब सुनेकडे पाहत होते. असे पाहणे त्यांना कोणत्याही भूमिकेत जमले नव्हते. बाकीचे एकमेकांकडे पाहत नव्हते, टोपीकडेही नाही. प्रत्येकाच्या कपाळावर ओल्या कुंकवाचा ठसा होता. एकाचा ओघळून नाकापर्यंत आला होता, पण पुसायला कोणाचा हात उठला नाही. मंडळात कपाळ कोरे होते ते फक्त दाराबाहेरच्या मुलीचे.

"ज्योती," निरीक्षक जागचे उठत म्हणाले, "आत ये. तुझा जबाब नव्याने घ्यायचा आहे."

ज्योती दोन पावले आली. उंबऱ्यापाशी तिने पाय मागे घेतला आणि रेश्माला विचारले,

"ताई, आज न्हाई मला काई. येऊ का?"