अपिलाचा तिसावा दिवस

कारकुनाने कागद चाळले आणि खिडकीतून परत सरकवले. प्रत्येक पानावर सही हवी होती. खिडकी पाचला बंद होणार होती.

टेलरबाई कागद छातीशी धरून बाकावर टेकली. गल्लीत सगळे तिला याच नावाने ओळखत. अपिलाच्या मुदतीचा आज तिसावा, शेवटचा दिवस. आजची वेळ गेली की निकाल दगडावरची रेघ.

निकाल सरळ होता. घर आणि मुलगी एकाकडे. दुसऱ्याला महिन्याचे दोन रविवार, दोन-दोन तास, तेही कोर्टातल्या भेटीच्या खोलीत, देखरेखीच्या बाईंसमोर. सगळा डोलारा एका साक्षीवर उभा होता: मुलीला मारहाण होते. ही साक्ष खोटी होती, हे टेलरबाईइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सात वर्षांच्या ठकूला त्या घरात कोणी साधी टपलीही मारली नव्हती.

वकिलाने हे अपील घ्यायला नकार दिला, वर हात जोडले. थोरल्या बहिणीने तर सकाळी दारच अडवलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तू एकदा चढलीस, आता पुन्हा कशाला, असं ती म्हणाली. झालं ते झालं, वर्षभरात पोरीलाही सवय होईल.

सवय! गेल्या रविवारी भेटीची वेळ संपली तरी ठकूने हात सोडला नव्हता. रडली नाही, ओरडली नाही, नुसती धरून राहिली. शेवटी देखरेखीच्या बाईंनी तिचं एकेक बोट सोडवलं.

"मी काय केलं?" ठकूने एवढंच विचारलं.

तेव्हापासून टेलरबाईचं कामात लक्ष लागेना. मशीनवर बसावं तर पाय थांबत नव्हते की चालत नव्हते. एका गिऱ्हाइकाच्या झग्याला तिने दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या, आणि उसवून पुन्हा तशाच जोडल्या.

दुपारी कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकाकांकडे तिने मजकूर दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"पोरी, हे असंच लिहू? यात माणूस तुरुंगात जाऊ शकतो."

"असंच लिहा."

नवऱ्याला तिने काहीच कळवलं नव्हतं. तो रंगारी, आज कुठल्या भिंतीपुढे शिडी लावून उभा असेल, देव जाणे. त्याला नोटीस मिळेल तेव्हा तो काय म्हणेल, हा विचार तिने दिवसभर दूर सारला होता.

शेवटच्या पानावर सही करताना पेन अडखळलं. तिने ते कागदाच्या कोपऱ्यावर घासलं, सही केली आणि धावत खिडकी गाठली. पाच वाजायला चार मिनिटं होती.

कारकुनाने शिक्का उचलला. सवयीने पहिलं पान वाचलं आणि त्याचा हात थबकला. त्याने जुना निकाल शेजारी ठेवून पाहिला.

"बाई, अपील हरलेला माणूस करतो. घर तुम्हाला मिळालंय, मुलगी तुमच्याकडे आहे. आणि इथे लिहिलंय, साक्ष खोटी होती. कोणाची साक्ष?"

"माझी," ती म्हणाली.