बिनतेलाचं पेट्रोल

तोताराम मेकॅनिकनं फवारणी पंपाचं इंजिन उघडलं आणि पिस्टन काढून हेमलतासमोर धरला. त्यावर उभे ओरखडे पडले होते.

"पेट्रोलमध्ये तेल मिसळलंच नव्हतं. कोरडं चाललं, तापलं आणि जाम झालं. भरलं कोणी?"

हेमलतानं शेजारी उभ्या दिराकडे पाहिलं. दोन हंगाम ती याच पंपानं गावभर कपाशी फवारत होती. काल प्रेमराज पंप मागून घेऊन गेला आणि आज सकाळी त्यानं तो बंद पडलेला आणून दिला.

तोतारामच्या धरणगावमधल्या दुकानात बाकावर चार-पाच शेतकरी बसले होते. त्यांच्याकडे बघत प्रेमराज हसला. "वहिनीनीच भरी देयेल व्हतं. इसरी गयी व्हई तेल टाकाले."

"मी टाकी रिकामी करून दिली होती, तोताराम भाऊ," हेमलता म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलं मला."

तोतारामनं टाकीत उरलेलं पेट्रोल पेपरच्या तुकड्यावर ओतलं. ते बघता बघता उडून गेलं. तेलाचा डाग राहिला नाही. या बाईच्या हातून असं होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. प्रेमराजचा ट्रॅक्टर आपल्याच दुकानात येतो, हेही ठाऊक होतं.

त्यानं कागद चुरगळून टाकला.

"होतं असं, ताई. मशीनचं काम आहे. पुढच्या वेळी घरच्या माणसाला भरू देत जा."

बाकावर कोणीतरी हसलं. हेमलता बोलायला गेली, तोवर तोताराम पाना शोधायला वाकला होता.

नवा बोर-पिस्टन बसेपर्यंत दुपार झाली. पंप मोटरसायकलला बांधताना प्रेमराज म्हणाला, "उद्या लोटन आबाकडे फवाराले मी जास. पंप मन्हाकडेच राहू द्या."

"ते काम मन्हं शे."

"आते बठ्ठा गावले मालूम पडी जाई. कोण बलाई तुमले फवाराले?"

ती मागे बसली. एरंडोल रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी त्यानं गाडी थांबवली, गाडीला बांधलेला पेट्रोलचा कॅन सोडला, आसपास कोणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, एक लिटरले तेल कितलं टाकनं पडस?"

हेमलतानं त्याच्याकडे पाहिलं.

"चाळीस मिली," ती म्हणाली. "मोजीसन."