उणे वीस अंशांचं पाणी

"या पोराला गुण नकोत, डॉक्टर हवा," कात्रीबाई म्हणाल्या आणि पेपर तपासायच्या खोलीत हशा पिकला.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाईंना ते मनातून आवडायचं.

प्रश्न सोपा होता. चाळीस अंशांचं कोमट पाणी, त्यात तितक्याच वजनाचा शून्य अंशाचा बर्फ. शेवटी तापमान किती? पाण्यातली उष्णता जेमतेम अर्ध्या बर्फाला पुरते. बाकीचा तरंगत राहतो आणि तापमान शून्यावर थांबतं. या उमेदवाराने मात्र सगळाच बर्फ वितळवून उत्तर काढलं होतं, उणे वीस. शिवाय खाली लिहिलं होतं, 'असं कसं होईल, कळत नाही.'

"मांडणी ठीक आहे हो," मुख्य परीक्षक म्हणाले. "दोन गुण द्या. तेवढ्यात पास होतोय बिचारा."

"उणे वीस अंशांचं पाणी कुठल्या नळाला येतं, सर? आणि कळत नाही, तर पास कशाला व्हायचं?"

सरांनी हात टेकले. बाईंनी शून्य ठोकलं. संध्याकाळी गठ्ठ्याला सील लागलं आणि गाडी तो घेऊन गेली.

घरी ताई वाट बघत होती. आई गेल्यावर हिने शाळा सोडून दवाखान्यात फरशा पुसल्या, म्हणून धाकटी शिकून बाई झाली. ताई अजूनही फरशाच पुसत होती, आता गुडघे धरून धरून.

"हसणार नाहीस ना? निकालापर्यंत गप्प बसणार होते, पण राहवेना. बारावीला बसले होते मी. बाहेरून."

बाईंना भरून आलं. त्यांनी ताईला मिठीच मारली. "मला का नाही सांगितलंस? शिकवलं असतं की!"

"तुला तुझं काय थोडं आहे? पास झाले तर मोठ्या सिस्टर मला नर्सिंगला पाठवणार आहेत. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. एका फिजिक्सचीच धाकधूक आहे. तो बर्फाचा प्रश्न होता ना, त्याचं उत्तर शून्याच्या खाली वीस आलं. मी लिहिलंही, असं कसं होईल, कळत नाही म्हणून."

बाईंची मिठी सुटली.

"मांडणीचे दोन गुण देतात म्हणे," ताई म्हणाली. "तपासायला तुझ्यासारखी कुणी असली, तर सुटले बघ."