लाव वो हळद, लाव कोपराले

जमुना मांडवात शिरली आणि गाणं बंद पडलं.

बंद पडलं म्हणजे कुलदीपनं पाडलं. नवरीचा भाऊ तो, सकाळपासून डीजेच्या खोक्यांपाशी उभा राहून आत्या येते का तेच बघत होता. मांडवात पंचवीस बायका नाचत होत्या. या गाण्याचा नाचच ठरलेला, दोन्ही कोपरं कानाशी आणि कंबर वाट्टेल तिकडे. गाणं थांबलं तशी कोपरं हवेतच राहिली. मग कुणी अंबाडा सावरला, कुणी पाठ खाजवली, आणि सगळ्या जमुनाकडे असं बघू लागल्या, जसं काही कुणी गेलंय.

तीन वर्षं हेच चाललं होतं. दर्यापुरापासून तिवशापर्यंत हळद कुणाचीही असो, 'लाव वो हळद, लाव कोपराले' वाजल्याशिवाय ती रंगत नसे. आणि ते गाणं जमुनाच्या नवऱ्याचं. शब्द किशोरचे, चाल किशोरची, गळाही त्याचाच. गळा जितका गोड, हात तितकाच जड. तेही तिनं सोसलं. पण तिच्या बापाच्या तेरवीला, पंगती उठायच्या आत, हा बहाद्दर पेटी आणि गाण्याच्या पार्टीतली दामिनी घेऊन अकोल्याला निघून गेला. जमुना इथं भावाकडे राहिली. तेव्हापासून ती दिसली की लोक गाणं बंद करत. बिचारे मायेनंच करत.

त्या मायेनं मात्र जीव नकोसा केला होता! कारण जमुनाला ते गाणं भारी आवडायचं. कानात इयरफोन खुपसून ती ते तुरीच्या शेंगा सोलताना ऐकायची. ढोलकी सुरू झाली की टाचा आपोआप उचलल्या जायच्या आणि मन त्या टाचांना शिव्या घालायचं. लाज नाही वाटत? त्या माणसाच्या गाण्यावर?

आज तर सख्खी भाची पौर्णिमा पाटावर बसली होती. या घरात आत्या नाचल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लावत नाहीत. आत्याचा मानच तो. कुलदीपनं घाईघाईनं एक धडधडणारं हिंदी गाणं लावलं. जमुनानं हात हलवले, पाय हलवले.

“आत्या, हे काय नाचणं हाय?” पौर्णिमा पाटावरूनच ओरडली. “पीटी करून राहिली का तू? दादा, ते कोपरावालं लाव ना!”

“खबरदार!” वहिनी कडाडली. मायावहिनी कडाडली की गोठ्यातली जनावरंही रवंथ थांबवत. “ज्यानं आमच्या जमुनाले रडवलं, त्याचं गाणं माह्या मांडवात वाजणार नाई!”

जमुनाला भरून आलं. आणि वहिनीच्या तोंडात एक अख्खा लाडू कोंबावा असंही वाटलं.

खरी भीती तर पुढेच होती, पहिल्या खुर्चीवर. भगवंतकाका. जमुना-किशोरची सोयरीक त्यांनीच जुळवलेली, ती मोडली हे त्यांना अजून पचत नव्हतं. दामिनीनं गेल्या दिवाळीत किशोरला हाकलून दिलं. तेव्हापासून तो दर आठवड्याला काकांना फोन करी, “जमुनाचं मन वळलं का?” आणि काका तिचं मन वळल्याच्या खुणा शोधत फिरत. संक्रांतीला त्याचं नाव निघालं तेव्हा तिला शिंक आली, तर तेवढंही त्यांनी अकोल्याला कळवलं होतं. ती आज या गाण्यावर नाचली, तर संध्याकाळच्या आत नवरा दारात उभा!

आणि नाही नाचली, तर पोरीची हळद अशीच मुकी जाणार.

जमुनानं पदर खोचला.

“कुलदीप, लाव.”

“कोणतं, आत्या?”

“जसं काई तुले माहीतच नाई!”

ढोलकी कडाडली. जमुनाची कोपरं वर गेली आणि अगं बाई, तीन वर्षांचा साठलेला नाच एकदम बाहेर आला! अंबाडा सुटला. हळदीची वाटी उडाली आणि व्याह्यांकडच्या पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. ऐंशी वर्षांची सुंदराबाई खुर्चीत बसल्या बसल्या नाचली. नवरीनं पाट सोडायचा नसतो, म्हणून पौर्णिमा पाटावरच उभी राहून नाचली. मायावहिनीनं पहिलं कडवं दात आवळून काढलं. दुसऱ्या कडव्याला तिचं डावं कोपर फितूर झालं, मग उजवं. नणंद-भावजया एकमेकींना कोपरं मारत इतक्या हसल्या की दोघींना उचकी लागली.

भगवंतकाकांचे डोळे पाणावले. त्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि नाचणाऱ्या बायकांत घुसले.

“जावईबापू! जमुना नाचून राहिली! तुमच्याच गाण्यावर!”

कुलदीपनं घाबरून गाणं तोडलं. पंचवीस बायकांची कोपरं पुन्हा हवेत.

“जमुने,” फोनमधून तोच गोड गळा आला, “आवडलं तुले?”

मायावहिनीनं मांडवाचा खांब धरला. जमुना धापा टाकत होती, कोपरापर्यंत हळदीनं माखलेली.

“लय आवडलं,” ती म्हणाली. “असं गाणं अख्ख्या वऱ्हाडात कोनी केलं नाई.”

काकांनी आभाळाकडे बघून हात जोडले.

“मंग येऊ मी?”

“गाणे येऊ द्या. दुसरं, तिसरं, जितके होतीन तितके. तुमी नका येऊ.”

तिनं हळदीच्या बोटानं फोनचं लाल बटण दाबलं, फोन काकांच्या हातात ठेवला आणि डीजेकडे वळली.

“कुलदीप, बंद याले करायचं होतं रे, गाण्याले नाई. लाव!”