पाच गोळ्यांच्या आधी

एलेरीनं पाच औषधांची नावं एकाखाली एक लिहिली होती. प्रत्येकापुढे तारीख होती. तिनं कागद डॉक्टर प्रॉसर यांच्या टेबलावर ठेवला आणि बसली नाही.

"सोमवारी इद्वल प्यूंना विसराळू म्हाताऱ्यांच्या आश्रमात हलवतायत. कुलपाच्या दाराआड. या पाच गोळ्यांपायी."

डॉक्टरांनी चष्मा शोधला. एलेरी वॉन बावीस वर्षं गावातलं औषधांचं दुकान चालवत होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. औषधं देणाऱ्यांना ती लिहून देण्याचाही अधिकार मिळावा म्हणून विद्यापीठाचा अभ्यासक्रम होता. त्यातले नव्वद तास एका डॉक्टरच्या हाताखाली काढायचे आणि शेवटी त्याची सही घ्यायची. म्हणून दर बुधवारी ती या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची आणि बरंच काही गिळायची. आज ती गिळणार नव्हती.

"सहा वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला म्हणून पहिली," ती म्हणाली. "त्या गोळीनं घोटे सुजले, म्हणून पाणी उतरवायला दुसरी. तिच्यामुळे सारखी लघवीला धाव, म्हणून ती थोपवायला तिसरी. तिसरीनं पोट साफ होईना, म्हणून चौथी. आणि तिसरीनंच डोकं धूसर केलं, तर त्याला म्हातारपणाचा आजार म्हणून पाचवी. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीवरचा उपाय आहे, डॉक्टर. या माणसानं चाळीस वर्षं या गावात पत्रं वाटली. आता त्याला स्वतःचं दार सापडत नाही."

"सगळ्या मीच लिहिल्यात?"

"तीन तुम्ही. दोन तुमच्या रजेत आलेल्या बदली डॉक्टरांनी. मागचं पान कुणीच उलटलं नाही."

"एलेरी, तू इथं शिकायला येतेस. खटला चालवायला नाही."

"शिकतेच आहे. नवी तक्रार आली की आधी जुन्या गोळीवर संशय घ्या, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं आम्हाला. तुम्हाला कधी शिकवलं होतं?"

डॉक्टर लाल झाले. पण त्यांनी कागद खाली ठेवला नाही. बोट ठेवून त्यांनी तो पुन्हा वाचला.

"तिसरी आजच बंद करतो," ते अखेर म्हणाले. "पण सोमवार एवढ्यानं टळणार नाही. आठ महिने वाट पाहून जागा मिळालीय. 'गोळ्यांमुळे असेल' एवढ्यावर त्यांची मुलगी ती सोडायची नाही. तिला सगळं मुळापासून दाखवावं लागेल. आणि मुळाशी रक्तदाब आहे. तो खरा होता. मी मोजला होता."

"सत्तर वर्षं ज्याचा वाढला नाही, त्याचा एका हिवाळ्यात का वाढला?"

"ते नोंदीत नाही."

"म्हणजे विचारलंच नाही."

"मग तू विचार," डॉक्टर म्हणाले. "जा."

ती चढ चढून प्यूंच्या घरी गेली. स्वयंपाकघरात नेस्टा प्यू नवऱ्याच्या मोज्यांवर त्याच्या नावाच्या पट्ट्या शिवत होती. आश्रमाचा नियम होता. बनियनवर, रुमालावर, सगळ्यावर नाव हवं. ज्याला गावातलं दारान् दार नावानं पाठ होतं, त्याच्या मोज्यांवर आता त्याचं नाव. एलेरीला ते पाहवेना. इद्वल खिडकीशी बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हसले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

"नेस्टा, रक्तदाब निघाला त्या वर्षी ते आणखी काही घेत होते का? बाहेरचं काही?"

"छे ग. सांगितल्याशिवाय तो कशाला हात लावत नाही." नेस्टानं दोरा दातांनी तोडला. "गुडघ्याचं तेवढं."

"गुडघ्याचं काय?"

नेस्टानं फडताळातून खोकं काढून दिलं. साधी दुखण्यावरची गोळी. चिठ्ठीशिवाय मिळणारी. चार दिवस घेतली तर गुडघ्याला आराम पडतो. म्हाताऱ्या माणसानं रोज घेतली तर रक्तदाब चढू शकतो. एलेरीच्या वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं.

"अजून घेतात?"

"दिवसाला तीन. जेवणावर. सहा वर्षांत एक चुकवली नाही त्यानं."

एलेरीनं पेन काढलं. पाच गोळ्यांच्या आधीची गोळी तिला सापडली होती. आता फक्त माणूस हवा होता.

"रोज घ्या म्हणून कुणी सांगितलं त्यांना? मला नाव सांगा. मी लिहून घेते."

नेस्टानं नवा मोजा हातात घेतला.

"आम्हाला सांगणारं दुसरं कोण आहे ग, पोरी? तूच. तुझ्याच दुकानात, तुझ्याच हातून. दिवसाला तीन, जेवणावर, म्हणालीस. किती दिवस ते तू बोलली नाहीस, म्हणून आम्ही थांबवल्या नाहीत. दर महिन्याला तुझ्या दुकानातल्या मुली खोकं काढूनच ठेवतात. डॉक्टरला काय सांगायचं त्यात? आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे म्हणजे झालं."

एलेरीला तो दिवस आठवेना. चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळीची नोंद कुठंच नसते. डॉक्टरांच्या कागदांत नव्हती, तिच्या वहीतही नव्हती. ती फक्त या फडताळात होती.

मग एलेरी उठली, नेस्टाच्या हातातून मोजा काढून घेतला आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"डॉक्टर, त्यांच्या मुलीला बोलवून घ्या, सोमवार थांबवायचाय. तिला सगळं मीच सांगते, कारण पहिली गोळी मी दिली होती."