दारापुढचा ताशा

घरपट्टी थकवणाऱ्यांच्या दारात ताशा वाजवायचा आणि चारचौघांत त्यांची लाज काढायची, अशी नगरपालिकेची सुपारी अंबादासला मिळाली. पट्टी त्याचीही थकली होती, पण वाजवणाऱ्याच्याच दारात कोण वाजवायला लावणार, असं त्याला वाटलं.

भर उन्हात वसुलीचं पथक थांबलं ते त्याच्याच दारापुढे.

"साहेब, हे माझं घर आहे."

"मग भर पैसे. नाहीतर वाजव. इथे अडलास तर आजची मजुरी विसर."

ताशावर काड्या पडल्या. खिडक्या उघडल्या, कुणीतरी खिदळलं. बायको उंबऱ्यावर येऊन थिजली. तिच्या मागून छोटी लेक मात्र टाळ्या पिटत धावत आली. "आई, बाबांनी आपल्या दारात वरात आणली!" म्हणत ती ताशासमोर नाचायला लागली.

अंबादासच्या काड्या थांबल्या. बायकोनं एकदा हसणाऱ्या गल्लीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, मग त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, थांबू नका. थांबलात तर तिला कळेल."

त्यानं मान खाली घातली आणि वरातीचा ठेका धरला.