वाळ्याची ताटी

प्रमोदिनीबाईंनी आणखी एक घागर ताटीवर रिकामी केली, तशी विमलच्या मस्तकात तिडीक गेली.

"आई, ताटी अजून ओलीच आहे की!"

"वरून ओली दिसते. आतून कोरडी हाये," सासूबाई पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या आणि पुन्हा विहिरीकडे वळल्या.

अकोल्याचा वैशाख तो. कावळासुद्धा सावली सोडायला तयार नव्हता. दिवाणी कोर्टाला सुट्टी लागली होती, त्यामुळे तिच्या सासऱ्यांचा, बापूसाहेब वकिलांचा, मुक्काम दिवसभर मागच्या खोलीत असे. खोलीच्या खिडकीला बाहेरून वाळ्याच्या मुळ्यांची जाडजूड ताटी बांधली होती. ती भिजती ठेवली की वारा तिच्यातून गार आणि सुगंधी होऊन आत येई. मात्र तिला पाणी लागे ते परसातल्या विहिरीचंच, कारण खाऱ्या पाण्यानं वाळा पांढरा पडतो, असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

तिथंच विमलचं पित्त खवळे. या साऱ्या भागात जमिनीखाली खारं पाणी. वकिलांच्याच अंगणातल्या विहिरीचं पाणी भांड्याधुण्यापलीकडे कामाचं नव्हतं. गोडा झरा लागला होता तो एकट्या परसातल्या विहिरीला.

ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मागच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विहिरीला शिवायचं नाही, असा रिवाज. म्हणून वरून घागरीत ओता, एवढंच त्या मागत होत्या. पुढं होती दुर्गाबाई, काखेत लेकरू घेतलेली.

बापूसाहेब ओसरीवरून गरजले होते, "या घरातल्या कोणी आपल्या हातानं यांच्या घागरीत थेंबभर पाणी जरी ओतलं, तर त्यानं माझा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही!"

प्रमोदिनीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही. विमलला तेव्हाच त्यांची चीड आली होती. वरुडला तिच्या माहेरच्या बागेत मोटेचं पाणी पाटातून वाहायचं आणि येणारा-जाणारा त्याला ओंजळ लावायचा. कोण कुठला, हे कोणी विचारत नसे.

आणि इथं? माणसांना प्यायला नाही आणि मुळ्यांना घागरीच्या घागरी! बरं, त्या भल्या माणसाला एवढा उकाडा होत होता म्हणावं, तर तेही नाही. बापूसाहेब त्या खोलीत कानाला मफलर बांधून, शाल पांघरून पडत. खोली गार करायची आणि वर शाल ओढायची, नवाबी थाट नुसता!

"अगं, पुरे कर आता," ते आतून शिंकत म्हणत. "गारठून राहिलो मी."

"तुमाले उकाडा सोसत नाही, मले माहीत हाये. पडा गुपचूप," असं म्हणून सासूबाई आणखी पाणी घालत. त्या वयात रहाट ओढून हाताला घट्टे पडले होते. मैनाबाई मोलकरीण दिमतीला असून तिला त्या ताटीला हात लावू देत नसत. ताटीखाली दगडी पन्हळ होती. सारं पाणी तिच्यातून भिंतीपलीकडे नाल्याकडे जाई. ती पन्हळसुद्धा त्या रोज देवाच्या भांड्यासारखी राखेनं घासत. नवऱ्याच्या झोपेपायी एवढी गुलामगिरी! विमलला सासऱ्यांपेक्षा त्यांचाच जास्त राग येई.

मग सासूबाईंना अंजनगावला भाचीच्या बारशाला जावं लागलं. बैलांच्या दमणीत बसता बसता त्यांनी विमलचा हात घट्ट धरला.

"ताटी दुपारभर भिजव. पाणी परसातलंच. पन्हळ घासल्याबिगर घागर रिकामी करू नको. आणि एवढं तू स्वतः कर, मैनाबाईवर सोडू नको."

"जाताना घराची नाही, ताटीची काळजी," विमल मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, "हो."

तिचं ठरलं होतं.

दुपारी बापूसाहेब शाल पांघरून आडवे झाले. विमलनं अंगणातल्या विहिरीचं खारं पाणी आणून ताटीवर घातलं. वाळा पांढरा पडो नाहीतर काळा! दर घागरीला तिला बरं वाटत होतं. परसातलं गोडं पाणी तिनं मोठ्या तांब्याच्या हंड्यात साठवलं. ते ती आज स्वतःच्या हातानं वस्तीत नेऊन देणार होती. उंबरा सुटला तर सुटला. या घरात इतक्या वर्षांत कोणा एकीला तरी लाज वाटायला हवी होती की नाही?

ताटी चांगली निथळू लागली. आतून घोरणं ऐकू आलं. विमलनं हंडा कमरेवर घेतला. तोंडावर हसू होतं. तिनं परसदाराचा अडसर काढला आणि भिंतीच्या बाजूनं मागं वळली.

पन्हळीच्या तोंडाखाली घागरी लावलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. बायका भिंतीच्या सावलीत आवाज न करता आपापली पाळी धरून बसल्या होत्या, रोजच्या सवयीनं बसावं तशा.

दुर्गाबाईनं ओंजळीनं पाजलेलं पाणी लेकरानं थुंकून टाकलं. तिनं स्वतः एक घोट घेऊन पाहिला आणि विमलकडे मान वर केली.

"सूनबाई, वाळ्याचा वास तं रोजचाच हाये. मंग मोठ्या बाईनं आज पाणी खारं काहून सोडलं वो?"